ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा सामना

अक्का गेली. तेरावं झालं, पाहुणे परतले आणि कोरेगावच्या घरात दाजी आणि मी राहिलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी म्हणजे तिचे यजमान. फुटबॉलचा सामना अपुरा ठेवण्याच्या कामात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या सातारा-सांगलीत कुणी झाला नसेल, हे मी खात्रीने सांगतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते उसाकडे वळले होते. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, एकटा राहणारा. अक्का होती तोवर आमच्या दोघांचं बोलणं तीच करायची. "हे विचारतायत, चहा घेणार का?" असं तिने मला म्हणायचं आणि मी तिलाच "घेतो" म्हणून सांगायचं. ती गेल्यावर आम्ही सोप्यात समोरासमोर बसलो आणि कळलं, की एकमेकांशी बोलायला आमच्याकडे काहीच नाही. दोन वेळा चहा झाला, पावसाचा विषय झाला. मग दाजी उठले, माळ्यावरून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पावणं, ह्ये काय असतंय बघा जरा." भाचा शिकायला पुण्याला गेला तेव्हा टीव्हीला जोडायचा त्याचा व्हिडिओ गेम मागे राहिला होता. कॅसेट एकच, फुटबॉलची. दोन रिमोट होते. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकमेकांच्या शेजारी बसलो.

दाजींनी हिरव्या कपड्यांचा संघ निवडला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. मैदान हिरवं, गडी हिरवे आणि टीव्ही जुना, त्यामुळे दाजींचे अकरा जण गवतात विरघळून जात. मी म्हटलं, "दाजी, दुसरा रंग घ्या, हे दिसत नाहीत." ते म्हणाले, "दिसूच नयेत. दुश्मनाला दिसला त्यो गेला. फौजेत हेच शिकवत्यात." "पण ते तुम्हालाही दिसत नाहीत." "मला कशाला दिसाया पायजेत? माझी मानसं हायती. कोन कुटं हाय मला ठावं हाय." ठाऊक अर्थातच नसायचं. चेंडू कुणाच्या तरी पायाशी असायचा आणि दाजी भलत्यालाच पळवत असायचे. सगळ्यांचे चेहरे ठिपक्याएवढे आणि एकसारखे, तरी त्यांनी प्रत्येकाला भावकीतलं एकेक नाव देऊन टाकलं होतं. "तात्या, आगे बढ! अरं, दे की त्याला! ह्यो तात्या बघा पावणं, खऱ्यातबी असाच हाय. हातात आल्यालं कुनाला द्याचं न्हाई." डोक्याने मारायचा चेंडू आला की ते रिमोट डोक्यावर उचलत, आणि जोरात मारायचा असला की खरोखरच पाय झाडत. त्यांच्या त्या लाथेने किती कपबश्या गेल्या ते विचारू नका. माझा गडी धक्का लागून पडला, तर तो उठेपर्यंत ते आपला अख्खा संघ उभा करून ठेवत. दाजींचा गडी पडला तर मी मात्र संधी साधून गोल करायचो. त्यांना गोलचं काही वाटत नसे. ते माझ्याकडे वळून दुःखाने म्हणत, "तुमच्या अक्कानं ह्येच शिकिवलं व्हय तुमाला?"

पण खरी गंमत थांबवण्याची होती. मी आता दर रविवारी कोरेगावला जाऊ लागलो होतो आणि माझी परतीची पॅसेंजर संध्याकाळची. निघायची वेळ झाली की दाजी मधलं बटण दाबत, पडद्यावरचे सगळे गडी पाय उचललेले तसे थिजत आणि दाजी टीव्हीवर अक्काचं जुनं लुगडं पांघरत. "ऱ्हायल्याला पुडच्या रविवारी." मी म्हटलं, "दाजी, लाईट गेली की सगळं पुसलं जातं. नव्याने सुरू करू." लाईट तर रोजच जायची. पुढच्या रविवारी जाऊन बघतो, तर वायरमनला बोलावून त्यांनी गेमचा डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून घेतला होता. टीव्ही बंद असला तरी आत सामना आठवडाभर जागा. ट्रॅक्टर मात्र त्यांनी उताराला लावून ठेवला होता आणि रोज सकाळी दोन माणसं तो ढकलून चालू करत. रस्त्याने जाणारा कुणीतरी ओरडे, "हवालदार, बॅटरी मेली का काय?" दाजी सांगत, "मरतीया कशाला? ड्युटीवर हाय."

आणि इतकं करून सामना पुरा व्हायचा नाही तो नाहीच. घड्याळ संपत आलं की दाजींच्या अंगात पंच शिरायचा. "सामना रद्द. ग्राउंडवर म्हस शिरली." कधी उजेड कमी असायचा, कधी प्रेक्षक दंगा करायचे. ते डब्यावरचं दुसरं बटण दाबत, सगळं पुसलं जाई आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी आधी भांडायचो, मग भांडायचं सोडलं.

शेजारी त्यांच्या भावजय राहत. अतिशय स्पष्ट बाई. एका रविवारी अंगणातच त्यांनी मला गाठलं. "आवं पावणं, बहीन ऱ्हायली न्हाई, मग दर आठवड्याला हितं काय काम काढलंय?" त्यांचं खोटं नव्हतं. बहीण गेल्यावर तिच्या सासरच्या दारात भावाचं काय असतं? मी चप्पल घालून तसाच उभा होतो. आतून दाजींचा आवाज आला, "वैनी, सामना चाललाय आमचा. निकाल लागला की जात्याल ते."

"कवा लागायचा निकाल?"

"तुमाला काय घाई हाय?"

मी आत जाऊन बसलो. दाजींनी रिमोट माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तात्याला जरा समजावून सांगा गड्या, माझं ऐकत न्हाई." त्या दिवशी त्यांनी दोनदा म्हैस आणली.

चार-पाच वर्षं असं चाललं. मग एका गुरुवारी दाजी शेतातून आले, भावजयीकडे पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आधीच गेले. मी संध्याकाळी पोहोचलो. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला ट्रॅक्टर लागला, म्हणून कुणीतरी बॅटरी काढून त्यात बसवली होती. बरोबरच होतं. ट्रॅक्टर किल्लीसरशी चालू होत होता. वहिनींनी मला चहा आणून दिला आणि त्या दिवशी काही विचारलं नाही. महिन्याभराने भाच्याने शेत वाट्याने दिलं, घर बंद केलं आणि खोकं माझ्याकडे दिलं. "मामा, हे तुमच्याकडंच असू द्या."

ते काही वर्षं तसंच राहिलं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका रविवारी दुपारी मी ते उघडलं. चालेल असं वाटलं नव्हतं, पण चाललं. दुसरा रिमोट खोक्यातच राहू दिला आणि एकट्याने खेळायचं निवडलं. हिरवा संघ घेतला. समोर गेमचाच संघ होता, मुकाट आणि बिनचूक. मैदान आठवणीपेक्षा लहान निघालं, आणि माझ्या नव्या टीव्हीवर हिरवे गडी गवतात स्वच्छ दिसत होते. घड्याळ संपत आलं तेव्हा माझा अंगठा मधल्या बटणावर गेला. पण थांबवून मी कुणासाठी ठेवणार होतो? अंगठा काढून घेतला. शिट्टी वाजली. मी हरलो होतो.

आणि मग पडद्यावर जे झालं ते मी इतक्या वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं. जिंकलेले गडी हात वर करून उड्या मारू लागले. हरलेल्यांपैकी एक जण गवतात गुडघे टेकून बसला. एक छोटीशी धून वाजली. ती संपल्यावर सगळे एका ओळीत उभे राहिले, कमरेत वाकले आणि मैदानाबाहेर चालत गेले. रिकामं मैदान थोडा वेळ दिसत राहिलं. दाजींनी हे एकट्याने कधी पाहिलं होतं का, मला माहीत नाही.

मी टीव्ही बंद केला. कोरेगावात आता माझं कुणी नाही. दिवाळीला पुण्याहून भाच्याचा फोन येतो आणि आम्ही थोडा वेळ बोलतो.