झाडूसकट

"चोरी करायची तर जरा अनोळखी घरात तरी करावी, बाई," संपादक म्हणाले आणि माझी सहा पानं टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

ठाण्यातलं एका दिवाळी अंकाचं ऑफिस. चहा आलेला, त्यांच्यापुरता. मी उभीच. त्या पानांवर पहिल्यांदा माझं नाव होतं. बारा वर्षं मी लोकांची आत्मचरित्रं लिहून देते. ते बोलतात, मी रेकॉर्ड करते, घरी बसून लिहिते. कव्हरवर ते असतात, आत मी कुठेच नसते. धंदाच तसा आहे, त्याची तक्रार नव्हती.

"हा तिकिटांचा प्रसंग सरांच्या पुस्तकातला आहे. जसाच्या तसा. वर तुम्ही त्यात एक झाडूवाली घुसवलीत. सहानुभूतीसाठी का?"

ती झाडूवाली माझी आई.

खोपटच्या एसटी डेपोत ती गाड्या झाडायची. सीटखाली पडलेली तिकिटं पदरात बांधून आणायची, कारण त्यांची मागची बाजू कोरी असायची. वही नव्हती. एका तिकिटावर एकच अक्षर मावायचं, तेही कंडक्टरने पाडलेलं भोक चुकवून. तिकिटं जमिनीवर मांडून मी पहिला शब्द केला, खोपट. आईला वाचता येत नव्हतं. पण गाड्यांच्या पाट्यांवर रोज बघितलेला तो शब्द तिने बरोबर ओळखला. आम्ही दोघी एकदमच हसलो.

सर म्हणजे डोंबिवलीतल्या एका मोठ्या क्लासचे मालक. लहानपण सुखात गेलेलं. त्यात वाईट काही नाही. पण पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला संघर्षाचं एक प्रकरण लागतंच. ते रिकामं राहिलं की मी माझ्या घरातलं काहीतरी काढून द्यायचे. एका बिल्डरला बाबांची तारेने शिवलेली चप्पल दिली. एका डॉक्टरला माझा टायफॉइड दिला. असं करत सगळं लहानपण वाटून झालं. तिकिटं तेवढी उरलेली, ती सरांना दिली. मीच दिली. कोणी हिसकावून घेतली नाहीत. हे सांगताना आजही लाज वाटते.

सर खूश झाले. म्हणाले, "झाडणारी बाई नको गं. आमची आई मुख्याध्यापिका होती. तिकिटं मीच वेचली असं टाक."

टाकलं. आईला खोडायला एक मिनिटही लागलं नाही. 'मी फक्त टायपिंग केले आहे' असं लिहिलेल्या कागदावर सहीसुद्धा केली.

"ते पुस्तक मीच लिहिलंय," मी संपादकांना म्हणाले. ते हसले. त्यांनी माझ्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"अहो, ती टायपिंगला यायची माझ्याकडे," सर म्हणाले. "गुणी मुलगी आहे. छापा की. माझी काही हरकत नाही. खाली फक्त माझे आभार टाका."

संपादकांनी फोन ठेवला. "बघा, केवढं मोठं मन! टाकू या ना ती ओळ?"

माझं नाव छापून येणार होतं. त्यासाठी एवढंच करायचं होतं. माझी आई वापरू दिल्याबद्दल सरांचे आभार मानायचे. माझी मान हललीही, सवयीने. बारा वर्षं हलत आलेली मान. मग स्वतःचीच चीड आली.

"नाही," मी म्हणाले आणि पानं उचलली.

"अशाने तुमचं काही छापून येणार नाही," ते मागून म्हणाले.

डोंबिवलीजवळ कोपरला आमचं घर. आई मेथी निवडत बसलेली. तिला मी सरांच्या पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"यात मी कुठंय गं?"

मग मी सगळं सांगितलं. तिने निवडलेली मेथी टोपलीत गोळा केली. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं." आणि मेथी घेऊन मोरीकडे गेली. त्या दिवसापासून ती मला जुनं काहीच सांगत नाही. मी विषय काढला की उठून जाते.

सरांना पुस्तकाचा दुसरा भाग हवा होता. नाही लिहिणार म्हणून कळवलं. कल्याणचा एक जमीनवाला आला, त्याचंही संघर्षाचं प्रकरण रिकामं. त्याला म्हटलं, "नसेल तर रिकामं सोडा. माझ्या घरातून काही मिळणार नाही." तो परत आला नाही.

हे लिहायच्या आधी मी आईला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "झाडू ठेव. आणि तू मला देऊन टाकलंस, तेही ठेव."

दोन्ही ठेवलंय. सही केलेला तो कागद घेऊन सर येतील. येऊ देत. मला चोर म्हणतील. म्हणू देत. यातली एक ओळही मी काढणार नाही, आणि खाली कोणाचे आभार नाहीत.