रुळाखालची मोरी

पायाखाली खडी वाजली. पाला जाळलेल्या उसाच्या रानातून चाललो होतो. पाऊल पडेल तिथे मऊ, अजून जराशी ऊबदार राख उडत होती आणि जळक्या साखरेचा गोडसर, करपट वास नाकात भरून राहिला होता. त्या मऊपणाच्या तळाशी एकाएकी काहीतरी कठीण, करकरीत बोललं. वाकून उचलून पाहिलं, तर कातळ फोडून केलेला मुठीएवढा, धारदार कडांचा दगड. आमच्या मळीच्या रानात दगड औषधालाही मिळत नाही. कृष्णामाईने आणून घातलेला हा काळा गाळ, यात नांगराचा फाळसुद्धा कधी खणखणत नाही. मग हा आला कुठून? उत्तर मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. इथून एके काळी आगगाडी जात होती!

ती गाडी मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या आधीच ती बंद झाली. पलूसच्या बाजूला मुख्य मार्गाला फुटलेला हा एक बारका फाटा. नदीकाठच्या गावांतला गूळ, हळद, शेंगा गोळा करायच्या आणि मोठ्या गाडीच्या हवाली करायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. माझे वडील सांगायचे, की ती इतकी सावकाश चाले की माणसं उतरून शेंगा उपटत आणि पुन्हा डब्यात चढत. पुढे मालमोटारी आल्या, मोठे रूळ आले आणि या धाकट्या गाडीचं कुणाला काही अगत्य उरलं नाही. रूळ उचलून नेले. काही सरकारने नेले आणि काही, खरं सांगायचं तर, आम्ही. आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या घरांच्या छताला आजही लाकडी तुळईऐवजी रुळाचा तुकडा आहे. ज्यावरून गाडी गेली, त्याच्याखाली माणसं निजतात!

मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. शेत धाकटा भाऊ संभाजी पाहतो. निवृत्ती जवळ येऊ लागली तशी मला या मृत वाटेची विलक्षण ओढ लागली. या खेपेला सुट्टीत गावी आलो तो ठरवूनच, की फाट्याच्या उगमापासून शेवटापर्यंत पायी जायचं आणि जे जे उरलं असेल ते डोळ्यांखालून घालायचं. माणसाला उतारवयात अवशेषांचं प्रेम का जडत असावं? आपणही हळूहळू त्याच जातीत मोडू लागतो म्हणून?

पुष्कळ सापडलं. बाभळीच्या बनात बुडालेला एक फलाट, त्यावर शेळ्या रवंथ करत बसलेल्या. फाटकवाल्याची दगडी खोली, तिच्यात ऊसतोड्यांच्या तीन दगडांच्या चुली. आणि एका बांधावर तर मैलाचा दगड होता, पण शेंदराने माखलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या गड्याला मी मास्तरकीच्या सवयीने सांगायला गेलो, की बाबा, हा म्हसोबा नव्हे, हा रेल्वेचा दगड आहे. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"असंल की. पन गाडी गेली, रूळ गेलं, टेसन गेलं. ह्यो एकटा ऱ्हायला. मग ह्येला देव न्हाई म्हनायचं तर कुनाला म्हनायचं?"

मी मुकाट्याने हात जोडले.

चालता चालता माझ्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली होती. रेल्वे बांधणाऱ्यांना या भूमीचा उतार माझ्याहून अधिक कळला होता. शाळेत मी नकाशावर समोच्च रेषा दाखवतो. त्यांनी त्या पायांनी वाचल्या होत्या. रुळांसाठी मातीचा उंच भराव घालावा लागे, आणि असा भराव म्हणजे पाण्याच्या वाटेत घातलेली आडवी भिंत. म्हणून जिथे जिथे जमिनीला सखलपणा, तिथे तिथे भरावाच्या पोटात त्यांनी दगडी कमानीची मोरी ठेवलेली. वरून गाडी जावी, खालून पाणी. किती सुज्ञ, किती नम्र व्यवस्था ही! मला या मोऱ्यांचा नादच लागला. लांबून जमिनीचा झोल दिसला की म्हणायचो, आता मोरी येणार. आणि ती यायची. घडीव दगडांची, पाकोळ्यांची घरटी मिरवणारी, आतून गारवा सोडणारी.

असा मी आमच्या स्वतःच्या शेताच्या हद्दीवर पोचलो. इथला भराव अजून शाबूत आहे, त्याच्या माथ्यावरून आमच्या उसाच्या ट्रॉल्या जातात. समोर जमीन स्पष्ट झोल खात होती. इथे मोरी असणार. मी उतरून पाहिलं. नव्हती. कमान नाही, दगड नाही. नुसती दाबून बसवलेली माती आणि तिच्यावर माजलेलं गवत. मी भरावावर चढलो आणि पलीकडे, वरच्या अंगाला पाहिलं.

काय सांगू तुम्हाला! डोळे दिपले. भर उन्हात ते रान पांढरं होतं. चुन्याची फक्की उधळल्यासारखं पांढरं, ओसाड, ओळखीची एकही हिरवी काडी नसलेलं. मातीला पापुद्रे सुटले होते आणि मधल्या खळग्यांत तांबूस, मेलेलं पाणी साचून होतं. आमच्या बाजूला तोडणीनंतर पुन्हा फुटलेले उसाचे जोमदार खोडवे, आणि मधे एका भरावाचं अंतर राखून हे प्रेतवस्त्र. 'क्षारपड जमीन' हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्याच्याखाली कारणं लिहीत आलो: अतिसिंचन, निचऱ्याचा अभाव. पोरं वहीत उतरवून घेतात, मी फळा पुसतो. तो शब्द असा दिसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्याच बांधावरून कळावं!

"काय मास्तर, आगगाडी हुडकताय व्हय? चुकली तुमची. लय उशीर केला!"

बांधावर भूपाल अण्णा उभे होते. ते रान त्यांचं. बस्तीतल्या देवाचं रोज दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा हा जैन शेतकरी. आमच्या वडिलांचा स्नेही, सत्तरीच्या पुढचा, पण काठीसारखा ताठ. मी रानाबद्दल काही विचारायच्या आत ते म्हणाले, "उन्हाचं काय बघत बसलाय? चला घरला, घास खाऊन जावा."

घरी अक्कांनी, त्यांच्या पत्नीने, भाकरी, आमटी आणि वांग्याची भाजी वाढली. माझ्या ताटात चिमूटभर मीठ होतं, अण्णांच्या ताटात नव्हतं. त्यांची आमटीही निराळ्या भांड्यातली. मी रक्तदाबाची चौकशी केली.

"रक्तदाब न्हाई आन् काय न्हाई," अक्का फणकारल्या. "नियम घेतलाय. देवाम्होरं मीठ सोडलंय. बिनमिठाचं शिजवून शिजवून माजी जीब बी मेली."

अण्णा हसले. मग भाकरी मोडत, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत असावी तसं सांगू लागले. "हाव, मास्तर. दुसरं काय? पाइपलाइन आली, पानी दिसलं, पाजत सुटलो. उसाला पानी, पान्याला पानी. मग रानात मीठ वर आलं. म्हनलं, आपल्या हावंनं जिमिनीला मीठ चारलं, तर आता आपल्या ताटात ते कशाला?"

"आन् पोरगं?" अक्का म्हणाल्या. "ते सांगा की. बापानं सोन्यासारखं रान मारलं म्हनून भांडून इचलकरंजीला गेलं. मागावर राबतंय. माज्याशी बोलतंय, ह्यांचं नाव काडत न्हाई."

"त्याचं खरंच हाय," अण्णा म्हणाले. "तोंडानं कुटं सांगू, की माजं चुकलं न्हाई?"

मी विचारलं, "अण्णा, पाणी तर सगळेच पाजतात. तुमचंच रान का गेलं?"

"ते बी एक नवलच. आदी पानी रुळाखालनं निगून जायाचं. कवातरी थांबलं. जुनी मोरी, गाळानं बुजली असंल आपसूक."

आपसूक! मी अर्ध्या ताटावरून उठलो. कारण त्या क्षणी मला काही वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला होता. मी पेपर तपासत बसलेलो, आणि पलीकडून संभाजी सांगतोय, दादा, भरावाखाली एक भगदाड हाय, वरचं पानी आपल्या उसात येतंय, बुजवू का? आणि मी, एका हाताने गुणांची बेरीज करत, म्हणालो होतो: बुजव. भगदाड कसलं, ते कुणी आणि का ठेवलं, त्यातून येणारं पाणी अडलं तर जाईल कुठे, यांतला एकही प्रश्न भूगोलाच्या शिक्षकाला पडला नव्हता. तो शब्द उच्चारायला लागला असेल एक श्वास. तेवढ्या श्वासात मी एका माणसाचं रान, एका माणसाच्या जिभेवरची चव आणि एका माणसाचा मुलगा काढून घेतला. आणि वर त्याच्याच घरी, त्याच्याच पंक्तीला, खारट आमटी जेवलो!

संध्याकाळी गोठ्यात संभाजीला गाठलं. त्याने बादली खाली ठेवली नाही.

"बुजवली की. तूच म्हनालास बुजव. तुला इचारल्याबिगर मी आजवर काय केलंय का?"

"ती मोरी होती, संभा. अण्णांचं रान गेलं तिच्यापायी."

"आन् त्यांचं पानी आपल्यात आलं असतं तर आपलं गेलं असतं. तवा तू बरं बोलला असतास?" मग त्याचा आवाज खाली आला. "लय बोलू नगंस, दादा. त्यांचं रान पांढरं पडाया लागलं तवा मला बी कळलं हुतं. रोज भरावावरनं जातूय न्हवं मी? त्या अंगाला बघायचंच सोडलं."

आम्ही दोघे सख्खे भाऊ, एकाच उसाची वाटणी खाणारे. एकाने बघणं सोडलं होतं आणि दुसरा तर बघायला कधी आलाच नव्हता. कुणाला कुणी बोल लावायचा? भरावाच्या कडेने चर काढून पाणी ओढ्याला लावायचं आणि यंत्र बोलावून मोरी मोकळी करायची, त्यात आमच्या खोडव्याच्या काही सऱ्या जातील, एवढं बोलून झालं. संभाजी हो म्हणाला. मला वाटलं, संपलं. प्रायश्चित्ताचा मार्ग मिळाला, की अपराधी मनाला केवढी घाई होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, फोनसुद्धा. ते रागावतील, हाकलून देतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे क्षमा करतील, या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. अण्णा मात्र जमिनीकडे पाहत होते. तळहात गुडघ्यावर उघडा पडलेला, एखादी वस्तू कुणी नुकतीच काढून घ्यावी तसा.

"म्हंजे सगळं माजं न्हवतं," ते म्हणाले.

"नव्हतं, अण्णा."

"पानी म्या पाजलं ते पाजलंच. ते काय खोटं न्हाई. पन सगळं न्हवतं."

"अण्णा, या आठवड्यात मोरी उकरतो. चर काढून देतो. रान धुऊन निघायला वर्षं लागतील, पण..."

"मोरी उकराल वो. तिला यंतर हाय." त्यांनी अक्कांकडे हात पसरला. अक्कांनी काही न विचारता कमरेचा मोबाइल काढून दिला. अण्णांना त्यातलं कळत नव्हतं. अक्कांनीच बटण दाबलं. घंटा वाजू लागली, तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "ह्ये मला सांगून काय उपेग? मला सांगितलंत, मी ऐकलं. आता त्येला सांगा."

मी हबकलो. अपराध कबूल करायला मी आलो होतो, पण माझ्या सोयीच्या माणसापुढे. ज्याने मला लहानपणापासून पाहिलं आणि जो फार तर गप्प बसेल, अशा म्हाताऱ्यापुढे. एका परक्या तरुणाला, ज्याचं घर मी दूर बसून मोडलं होतं, मी कोणत्या तोंडाने काय सांगणार होतो? पलीकडे मागांचा कानठळ्या बसवणारा खडखडाट होता आणि त्यातून ओरडून विचारणारा आवाज: "आई? काय गं? बोल की, सकाळचं कामाच्या टायमाला!"

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग मोरी सांगितली. सुरुवातीला तो मधे मधे "काय? कोन?" म्हणत होता. मग बोलेनासा झाला. त्याने माग बंद केला की तो चालत दूर गेला, ठाऊक नाही. पण तो खडखडाट विरत विरत गेला आणि इतकी शांतता झाली, की मला माझाच आवाज ऐकू यायला लागला आणि तो मला सोसवेना. तरी मी शेवटपर्यंत बोललो. बुजव, असं मी म्हणालो, हेही त्याला म्हणालो.

त्याने मला शिवी दिली. एकच, पण मनापासून. ती मी घेतली.

"अण्णा हाईत का तितं?"

मी फोन पुढे केला. अण्णांनी तो लगेच घेतला नाही. आधी दोन्ही हात धोतराला नीट पुसले, टोपी सारखी केली, आणि मग मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकत राहिले.

मी उठलो. अक्कांनी चहा ठेवते म्हटलं नाही, आणि मलाही थांबवलं जावंसं वाटलं नाही. त्या सोप्यात आता माझं काम नव्हतं; ते पलीकडे होतं, भरावापाशी. संभाजी यंत्रवाल्याला घेऊन येणार होता, पण त्याची वाट पाहण्याचा धीर माझ्यापाशी उरला नव्हता. वाटेत आमच्या गोठ्यातून मी फावडं उचललं.