ओळ्याला काढलं तेव्हा

पाणीपुरवठा कार्यालयात दिवसभर कॉम्प्युटर सांभाळायचे आणि घरी आलं की पुन्हा कॉम्प्युटरसमोरच बसायचं, असा तिचा संसार. घरचं काम बिनपगारी. देशोदेशींच्या हौशी लोकांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली होती. कुणीही घ्यावी, आत डोकवावं, हवं ते बदलावं. त्या सिस्टीमबरोबर कुठले लहानसहान प्रोग्रॅम द्यायचे आणि कुणाला नारळ द्यायचा, हे ठरवणं हिच्याकडे. ज्यांचे प्रोग्रॅम गळले त्यांनी चिडून तिचं नाव पाडलं चाळणीबाई. तिनेही ते हसून पदरात घेतलं. भिडेखातर तिने आजवर काही ठेवलं नव्हतं.

ओळ्या हा प्रोग्रॅम मात्र तिच्या घशात अडकला.

ओळ्या हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. ते छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाले आणि डोळ्यांनी दगा दिला. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र तिने आणून दिलं, पण नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ते पडद्यावरचं सगळंच बडबडत सुटे. ‘‘भर बाजारात हात सुटल्यासारखं होतं गं,’’ ते म्हणायचे. मग तिने सिस्टीममधलाच लिहिण्याचा हा जुनापुराणा प्रोग्रॅम दिला. तो एका वेळी एकच ओळ दाखवायचा आणि यंत्र तेवढीच बोलायचं. म्हातारबुवा खुलले. छापखान्यातली माणसं, त्यांची भांडणं, त्यांच्या खोड्या असं काय काय लिहू लागले.

आणि ओळ्यात भोक सापडलं. मुद्दाम बनवलेली फाइल त्यात उघडली, तर दुसऱ्याला तुमच्या मशीनमध्ये शिरता येत होतं. मूळ कर्त्याने केव्हाच हात झटकले होते. तिने ठिगळ लावून पाहिलं, तर ते दुसरीकडे उसवलं.

प्रोग्रॅमची निवड करणाऱ्यांत तिच्याबरोबर एक डॉक्टर होता, दवाखाना सांभाळून हे काम करणारा. तो फोनवर म्हणाला, ‘‘राग मानू नकोस, पण घरातला माणूस वापरतो म्हणून तू ओळ्याला काढत नाहीस.’’

‘‘घरातला एक मला दिसतो. बाहेर असे किती असतील?’’

‘‘आणि त्या भोकातून ज्यांच्या घरात चोर शिरतील, ते?’’

पुढच्याच आठवड्यात एका छोट्या वाचनालयाचं मशीन त्याच वाटेने फुटलं, वाचकांची सगळी माहिती गेली. तिने ओळ्याला सिस्टीममधून काढलं. ज्याला हवा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर बाहेरून घ्यावा, अशी सूचना लिहिली.

सासऱ्यांना सांगायला ती चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

‘‘म्हणजे माझं बंद?’’

‘‘नाही हो बाबा. तुमच्या मशीनवर मी ठेवीन. बाहेरची फाइल तेवढी उघडू नका.’’

त्यांनी कप चाचपून हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. ‘‘आणि ज्याच्या घरात तुझ्यासारखी सून नाही, त्याने काय करायचं?’’

ती उठून दाराशी गेली. ‘‘तू चुकलीस असं नाही म्हणत मी,’’ ते मागून म्हणाले. तिला ते जास्त लागलं.

तिने पदर खोचला. सिस्टीममध्ये राहिलेल्या लिहिण्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला एकेक ओळ बोलायला शिकवायचं ठरवलं. कित्येक महिने गेले. नवरा म्हणायचा, ‘‘अगं, जेव तरी वेळेवर!’’ सासरे चाचणीला बसत आणि एकही चूक सोडत नसत. ‘‘हा मधेच गिळतोय शब्द!’’ असं ओरडले, की ती पुन्हा पहिल्यापासून लागायची. तिचं काम पहिल्यांदा परत आलं, तेही डॉक्टरकडूनच. दुसऱ्यांदा त्याने ते सिस्टीममध्ये घेतलं आणि आपणहून फोन करून सांगितलं.

पण मधले महिने कोण भरून देणार? एका बाईने कळवलं होतं, की तिच्या अंध भावाने ओळ्या जाईल या धास्तीने मशीन अपडेट करणंच सोडलंय, सांगूनही ऐकत नाही. ओळ्या वापरणारे दुसरे काही आधी तिला रागावून पत्रं लिहीत होते, ते लिहीनासे झाले. त्यांची चाळणीबाईला जास्त काळजी वाटे.

सासरे आता नव्यावरच लिहितात. वेग पूर्वीचा नाही. मधेच थांबतात, तीच ओळ पुन्हा ऐकतात, कपाळाला आठ्या घालतात. ‘‘बरं चाललंय ना बाबा?’’ असं तिने विचारलं, की ‘‘चाललंय’’ म्हणतात. ‘बरं’ हा शब्द ते वगळतात, आणि ती पुढे विचारत नाही.