बुटातले बोळे

२०२३ साल, माझं वय त्र्याहत्तर. अंगणाच्या भिंतीवर माझ्या नातीचे, सुमनचे, बूट वाळत होते. बूट तिच्या बापाचे जुने. आत बघतो तर टोकाला चिंध्यांचे बोळे.

पोरीला लष्कराच्या अकादमीत जाऊन अधिकारी व्हायचं होतं, म्हणून ती रोज कालव्याच्या रस्त्यानं पळायची.

"काय गं हे?" मी दरडावलं.

"मोठे होतात, आबा. बोळे घातले की पाय हलत नाही."

"मग नवे मागायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला तुमचा राग आला असता. त्यापेक्षा हे बरं." हसली आणि आत गेली.

आमच्या गावात पोरगा भरतीला निघाला की मारुतीपुढं नारळ फुटतो, आणि फोडायचा मान माझा. परक्यांच्या पोरांसाठी किती फोडले! हिला साधं 'पळ' म्हणालो नव्हतो. मी चौथी शिकलेला, पण घरात माझा शब्द कुणी मोडत नाही, याचा मला केवढा ताठा. त्या दिवशी कळलं, घरच्यांनी मला विचारायचंच सोडलंय. माझा नकार न ऐकताच पोरगी तो पायात घालून पळत होती. मान वर होईना.

चुकलो म्हणायला जीभ काही रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पळून आली, पाय धुऊन घरात शिरली. फरशीवर उमटलेल्या तिच्या ओल्या पावलाचं माप मी सुतळीनं घेतलं आणि मिळेल त्या एसटीनं तालुक्याला गेलो.