चाळीस पातळांचं छत

पुसदला बसमधून उतरले तेव्हा माझी मैत्रीण मंजिरी समोरच उभी होती, केसांत दोरे अडकलेले. तिची आई, नलूताई, इथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. घरोघरची पातळं मागून आणून ती माळावर, झाडांखाली कापडी शिल्पं उभारायची. आठवडाभराने ती उतरवायची आणि ज्याचं पातळ त्याला परत द्यायची. त्यामुळे ती वारल्यावर उरले फक्त सात फोटो. त्यांवरून मंजिरी प्रदर्शन मांडत होती आणि मदतीला मला पुण्याहून बोलावलं होतं. मला धड बटणही लावता येत नाही, हे ती विसरली असावी.

शाळेच्या सभागृहात मुख्य छत तेवढं राहिलं होतं. फोटोत चाळीस पातळं अलगद तरंगत होती. आमची एकोणचाळीस पावसात भिजलेल्या मांडवासारखी लोंबत होती. दुपारी ती सगळी माझ्या डोक्यावर कोसळली.

"हे बांधायची सोनायाडी," मंजिरी म्हणाली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. आम्ही महागावकडच्या तांड्यावर निघालो. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, बायका वेचून ओटीत भरत होत्या.

याडीने आधी जेवायला बसवलं. बाटी (भाकरी) आणि ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी ती मनापासून हसली. मग मंजिरीकडे वळली.

"काहून आली वं पोरी इतक्या सालानं?"

मंजिरीने सांगितलं.

"येतो ना. पण बांधलं तं सोडाचंही. तुह्या मायचं तसंच होतं."

मंजिरीने होकाराची मान हलवली. याडीने पेटीतून एक हिरवं पातळ काढून पिशवीत घातलं. आयुष्यभर फेटिया (घागरा) नेसलेल्या बाईकडे पातळ कसं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव हिंडायचे. गोणीची गाठ दिवसभर टिकायची आणि मुक्कामी एका ओढीत सुटायची. "बैल थकते ना. त्याले ताटकळत कायले ठेवाचं?" असं म्हणत तिने सभागृहात त्याच गाठींनी छत बांधलं आणि दोरीचं एक टोक खाली सोडलं. छत तरंगलं. लोक आठवडाभर माना वर करून आपापलं पातळ शोधत होते.

शेवटच्या दुपारी याडी आली तर टोक गायब. मंजिरीने सकाळीच सगळ्या गाठी नायलॉनच्या दोऱ्याने शिवून टाकल्या होत्या.

"याडी, आईचं एवढं एक तरी राहू दे," ती रडायलाच लागली. "माझ्याकडे तिचं काहीच नाही गं."

याडी मात्र रागावली नाही. दाराशी बायका पिशव्या घेऊन थांबल्या होत्या, तिकडे तिने बोट दाखवलं. "त्याईनं तुह्या मायच्या भरोशावर देल्ले."

मग मंजिरीने कात्री घेतली, शिडीवर चढून एकेक टाका कापला, वर गुंडाळलेलं टोक सोडलं आणि खाली येऊन ते ओढलं. सगळं छत एकदम आमच्या अंगावर उतरलं. बायका हसत आपापली पातळं ओळखू लागल्या. उरलं एक हिरवं. याडीने ते झटकून मंजिरीच्या खांद्यावर टाकलं.

"हे तुह्या मायचं. बांधाले देल्लं होतं, मंग न्याले आलीच नाई."

दुसऱ्या दिवशी मंजिरी मला बसवर सोडायला आली ती तेच पातळ नेसून. पदरावर निळ्या रंगाची चार बोटं उमटलेली होती, नलूताईने कधीतरी रंगाचा हात पुसलेला. घाट चढेपर्यंत माझ्या मनात तेच येत होतं: त्या शिवलेल्या गाठी तशाच राहिल्या असत्या, तर ही बोटं छतालाच टांगलेली राहिली असती आणि खालून मान वर करून बघत मंजिरी म्हणत राहिली असती, आईचं माझ्याकडे काहीच नाही.