चांगुणामावशींनी पारखलेली बाबागाडी

चांगुणामावशी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन करायच्या. भाजीची पिशवी असो, दळणाचा डबा असो, नाहीतर माझी मुक्ता. दोन्ही हातांवर जरा तोलून आकडा सांगायच्या. मुक्ताचं वजन त्या दर शनिवारी सांगत आणि दवाखान्यातल्या काट्यावर ते जवळजवळ तेवढंच भरे. मला याद्या करायची सवय. मी तो आकडा वहीत लिहून ठेवायची.

हा काटा त्यांच्या हातात मिठागरात बसला होता. पेणच्या खाडीकाठी, डोलवीच्या पलीकडे त्यांचं गाव. लग्नाआधीपासून पन्नाशीपर्यंत त्यांनी डोक्यावरून मीठ वाहिलं. मग मुलाला रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात कंत्राटी काम लागलं, त्याच्याबरोबर त्या रोह्याला आल्या आणि माझ्याकडे मुलं सांभाळू लागल्या. मिठाची भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दोघी दोन बाजूंनी धरून तिसरीच्या डोक्यावर चढवतात, आणि मग बांधावरून राशीपर्यंत ती एकटी चालते. मावशी म्हणत, "उचलून द्यायला दोघी लागतात गो बाय, न्यायची आपली आपणच." हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. बाळंतपणाला, चिन्मयच्या बालवाडीला, माझ्या नवऱ्याच्या बदलीलासुद्धा.

बदली रॉटरडॅमची होती. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी पाठवलं. तो पुढे गेला, आणि तीन महिन्यांनी मी मुलांना घेऊन जायचं ठरलं. चिन्मय चार वर्षांचा, मुक्ता सव्वा वर्षाची, मी अडतीसची. नवऱ्याने पत्रात लिहिलं होतं : घर तिसऱ्या मजल्यावर, जिना शिडीसारखा, बाजारहाट ट्रामने, मी सकाळी सातला बाहेर पडतो. बाबागाडीशिवाय तुझं चालणार नाही. मी भराभर याद्या करत होते, पण मनात धास्ती एकच. मावशींशिवाय ही दोन मुलं मला एकटीला निभतील का?

बाबागाडीची यादी बारा कलमांची झाली. छत, पावसाचा पडदा, ब्रेक, सामानाची जाळी, असं सगळं. समोर दोन गाड्या होत्या. एक, कंपनीच्या कॉलनीतल्या बाईंनी परदेशातून आणलेली जोडगाडी. दोन्ही मुलं शेजारी शेजारी बसतील अशी. बारापैकी अकरा खुणा. दुसरी माझ्या ठाण्याच्या बहिणीची, छत्रीसारखी मिटणारी, कापड विटलेलं, छत नाहीच. पाच खुणा. मी जोडगाडी पक्की करून मोकळी झाले.

मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी मला यादी मोठ्याने वाचायला लावली. शेवटचं कलम झाल्यावर म्हणाल्या, "समदं लिवलंस. पन ती उचलायची कोनी, ते कुठं लिवलंय?"

"मावशी, तिला चाकं आहेत. ढकलायची असते ती."

"जिन्यावर ढकलनार? चल, यष्टीवर जाऊन बघू."

रोह्याच्या स्टँडवर पेणची गाडी लागली होती. मावशींनी मुक्ताला माझ्या कडेवर दिलं, चिन्मयला माझ्या पुढ्यात उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. जोडगाडी एका हाताने मिटेना. कशीबशी मिटली, तर बसच्या दारात आडवी अडकली. मागे माणसं खोळंबली. कंडक्टर माझ्यावर ओरडला, "बाई, ह्या गाडीचे बैल कुठं सोडलेस?"

"एक हाय की समोर, खाकी कपड्यातला," मावशी मागून म्हणाल्या.

सगळे हसले. तोही हसला आणि गाडी धरायला खाली उतरला. मावशींनी त्याचा हात बाजूला केला. "तू नको. तिकडं तू नायस जायाचा तिच्यासंगं."

माझी पकड सुटली, गाडी फलाटावर आपटली, मुक्ताने भोकाड पसरलं. मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी तीच बस, तीच परीक्षा, गाडी बहिणीची. मावशींनी ती आधी हातावर तोलली. "मुक्ताच्या निम्मी भरंल. ही तुझी." पायाने खीळ दाबायची, एका हाताने मिटायची, काखेत मारायची आणि चढायचं. तिसऱ्या वेळी मला जमलं. आम्ही थेट पेणला गेलो. तिथल्या बाजारात, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, खडबडीत रस्त्यावरून त्यांनी मला गाडी ढकलायला लावली आणि चिन्मयला शिकवलं, "आयचा हात नाय मागायचा हां बाला. आयचे हात भरलेले असतात. गाडीचा दांडा धरायचा. काय धरायचं?" चिन्मय म्हणाला, "दांडा." "सोडायचा कवा?" "आई सांगेल तेव्हा."

परतताना स्टँडवर त्या एकदम पायरीवर बसल्या. छातीचा भाता चालला होता. "काय नाय, जुनं दुखनं हाय," म्हणाल्या. मी वहीत लिहिलं : मावशींना डॉक्टरकडे नेणे. त्यापुढे खूण कधीच झाली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी बॅगा बांधत होते. मावशी आल्या, मिटलेली बाबागाडी माझ्या काखेला लावली आणि खांद्यावरून कमरेपर्यंत विती मोजू लागल्या. मी वैतागून म्हटलं, "मावशी, आता नको. वेळ नाही." त्यांनी हात काढून घेतला. "निघनार किती वाजता?"

"आठला," मी म्हणाले.

विमानतळावर न्यायची गाडी सहाला सांगितलेली होती. मुलं मावशींना बिलगून आकांत करतील, उशीर होईल, असा माझा हिशेब होता. मुलांना झोपेतच उचललं आणि सहाला आम्ही रोहा सोडलं. तेव्हा मला ती हुशारी वाटली.

मिठागरासारखंच रॉटरडॅमही समुद्राला बांध घालून राखलेल्या जमिनीवर वसलंय. ट्रामच्या पायऱ्या चढताना, शिडीसारख्या जिन्यावर, मावशींची निवड रोज खरी ठरली. शेजारच्या इमारतीतली एक बाई आपली मोठी गाडी खाली ठेवून कोणीतरी येण्याची वाट पाहत उभी असायची. मी मुक्ताला कडेवर घेऊन, गाडी मिटून निघून जायची. चिन्मय रस्त्यावर दांडा सोडत नसे. उणीव एकच होती. जिन्यात कठडा धरायला तिसरा हात लागायचा, म्हणून मिटलेली गाडी मी नायलॉनच्या दोरीने खांद्याला अडकवायची. दोरी रुतून खांद्यावर वळ उठायचा.

आठव्या महिन्यात रोह्याच्या शेजाऱ्यांचं पत्र आलं. चांगुणामावशी गेल्या. दम लागला, इस्पितळात नेईपर्यंत संपलं. मी चिन्मयला सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांना कोणी उचललं?"

दोन वर्षांनी परत आलो. गाडी तिथल्या त्या शेजारणीला देऊन टाकली होती. रोह्याला पोचल्यावर मावशींच्या घरी गेले. त्यांची सून सुगंधा चहा ठेवायला उठली, ती थांबून म्हणाली, "त्या दिवशी आत्या आठाच्या आधीच आल्या होत्या तुमच्याकडं. कुलूप बघून पायरीवर बसल्या. मी बोलवायला गेले, तं बोलल्या, जरा कुठं गेली असंल, येईल गो, मला आठ बोललीय. बारापर्यंत बसल्या. मंग उठल्या. तुम्हाला वाईट काय बोलल्या नाय."



तिने फडताळातून प्लास्टिकची पिशवी काढली. "हे द्यायला आल्या होत्या. परत येईल तवा दे, बोलल्या."

आत एक पट्टा होता. जुन्या लुगड्याचे काठ चौपदरी करून हाताने शिवलेला, दोन्ही टोकांना घट्ट फासे, खांद्यावर येईल तिथे कापसाची जाड घडी. मी उठून तो खांद्यावर टाकला. खालचा फासा बरोबर कमरेशी आला.