वस्त्रगाळ माती

समोरच्याच्या डोक्यावरचे दोन-चार केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, डोळे मिटून हलकेच चोळायचे आणि म्हणायचं, "लोकर बोलती, बाबा. ऐकणारा पायजे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं शहाणपण बोटांच्या टोकाशी असतं. माझ्या घरमालकीण मावशींचं तसंच होतं. मुकुंदवाडीत मी वरच्या खोलीत एकटा भाड्याने राहायचो. खाली त्या, मुलगा आणि सून. त्यांचा अर्धा जन्म मेंढरांमागे माळावर गेला होता. मेंढरं विकली, मुलगा कारखान्यात लागला, आणि बोटांना काम उरलं नाही.

माझं डोकं त्या काळी दुपारपर्यंत तेलाने चिप्प व्हायचं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मी कामाला होतो, तिथे कंपनीत मला सगळे 'भज्या' म्हणत. "कागद ठेव रे डोक्यावर, तेल टिपून घेऊ," असं कोणीतरी रोज म्हणायचंच. मी हसायचो. घरी येऊन कढत पाण्याने पुन्हा डोकं धुवायचो.

एकदा जिन्यात मावशींनी मला थांबवलं आणि चिमूट धरली.

"रोज धुतूस?"

"दोनदा."

"मंग डोस्कं तरी काय करंल? तू त्याल काढतूस, त्ये पुन्ना घालतंय. मेंढरू बी असंच असतंय. आठवड्यातनं दोनदा धू. कढत पानी बंद. आन् केसातनं सारखा हात फिरवू नको, तू काय नवरदेव हायस व्हय?"

पुढच्या रविवारी सकाळी त्या गच्चीवर आल्या. रात्रभर भिजवलेले रिठे एका गाडग्यात, दुसऱ्या हातात मातीची पुडी. ओढ्याकाठची पिवळसर माती, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलेली, पिठासारखी. त्यांच्याकडे कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धूत. हे ज्ञान तिथलं. रिठ्याच्या पाण्यात माती ताकासारखी पातळ कालवून त्यांनी ती माझ्या केसांच्या मुळाशी लावली. "सुकू द्यायची नाय, टाळू तडकती," म्हणत तांब्याने पाणी ओतलं. मी डोळे मिटून बसलो होतो. ओल्या मातीचा वास, पाठीवर कोवळं ऊन, दूर स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी. वाटलं, मी कुठल्याशा ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा आहे आणि कोणीतरी मला नाव न विचारता धुतंय.

"फणी धुतली का?" त्यांचा आवाज आला. "घाण भांड्यात दूध घालतूस व्हय?"

असे कितीतरी रविवार गेले. दोन महिन्यांत केस हलके झाले, वाऱ्यावर उडू लागले. कंपनीत विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, "पुण्याच्या डॉक्टरचं औषध आहे." माती म्हणालो असतो, तर भज्याचा चिखल्या झाला असता.

मावशींचं घरात वेगळंच चाललं होतं. सून म्हणायची, "आत्याबाई, लोकांच्या डोक्याला चिखल फासू नका. गल्लीत तुम्हाला मातीवाली म्हणत्यात. मला लाज वाटती." मावशींचं उत्तर एकच असायचं, "वरच्या लेकराला इचार. त्यो सांगंल."

एका रविवारी पुंडलिकनगरहून एक गृहस्थ लग्नासाठी मला बघायला आले होते. मुलीचे थोरले भाऊ. चहा चालला होता. माझे केस नुकतेच धुतलेले. तेवढ्यात मावशी सुनेला दंडाला धरून दारात आल्या.

"सांग हिला, लेकरा. तुझं डोकं कशानं नीट झालं? माझ्या मातीनं का नाय?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. सूनही पाहत होती. मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

"कसली माती, मावशी?"

त्यांचा हात अर्धवट उचललेला होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरलं, मध्ये काहीच नव्हतं.

"नाय, नाय," त्या म्हणाल्या. "माझाच घोळ झाला. म्हातारपन."

पुढच्या रविवारी त्या वर आल्या नाहीत. पण सकाळी दार उघडलं, तर वरच्या पायरीवर रिठ्याचं गाडगं आणि मातीची पुडी ठेवलेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी ते घर सोडून शेंद्र्याकडे राहायला जाईपर्यंत एकही रविवार चुकला नाही. मी गाडगं उचलायचो, डोकं धुवायचो, रिकामं गाडगं पुन्हा पायरीवर ठेवायचो. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. मी एकदाही खाली उतरून त्यांच्या दारात गेलो नाही.

लग्न त्या पाहुण्यांच्याच बहिणीशी झालं. पुष्कळ वर्षांनी बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, दादाचंच डोकं केवढं तेलकट! त्याने पत्ता मागितला असता त्यांचा."

मागच्या हिवाळ्यात शेंद्र्याच्या बाजारात ती सून भेटली. माझ्या डोक्यावर आता धुण्यासारखं फार उरलेलं नाही, तरी तिने ओळखलं. सासू जाऊन दोन वर्षं झाली, म्हणाली. मी तिथेच, भाजीच्या गर्दीत, सांगून टाकलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो. ती मातीच होती."

"मला ठावं व्हतं," ती शांतपणे म्हणाली. "दारात उभी ऱ्हायले तवाच वास आला व्हता मातीचा. तुमच्या केसांना."

"मग त्यांना सांगायचं होतंस."

"सांगितलं की. त्या म्हनल्या, तुझ्या तोंडून नको. त्यो सांगंल, वाट बघू."

तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी उभी होती. बोलता बोलता सुनेने लेकीच्या वेणीतून सुटलेले दोन केस सहज चिमटीत धरले, आणि डोळे मिटले.